नावाचा कागद

(समाजातील नवउद्योजक व महिला बचत गटांच्या लातूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना सरांनी ‘बँक अधिकारी’ असा उल्लेख केला. तो त्यांचा मोठेपणा. मी नांदेडच्या एका शाखेत कारकून आहे. त्याआधी सहा वर्षे इथे लातूरला होतो. शिक्षण म्हणाल तर मराठी विषय घेऊन बी. ए. झालो. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. तरीही ‘लघुउद्योग आणि बौद्धिक संपदा’ या विषयावर बोलण्यासाठी संयोजकांनी मला बोलावले. निमंत्रण पत्रिकेत छापणाऱ्याच्या चुकीने ‘बौद्ध संपदा’ असे पडले आहे, त्यामुळे काही ज्येष्ठ मंडळी धम्मावर प्रवचन ऐकायच्या तयारीने आली असतील. त्यांची मी आधीच क्षमा मागतो. आजचा विषय पाकिटावरच्या नावाचा आहे.

माझ्या टेबलावरून मुद्रा कर्जाच्या शेकडो फायली गेल्या. शेवयांचे यंत्र, पापड, शिलाई, चप्पल दुरुस्ती, रसवंती, मसाला कांडप. फाईलमध्ये यंत्राचे कोटेशन असते, जागेचे भाडेपत्र असते, साठ्याचा तपशील असतो. धंद्याचे नाव तर पहिल्याच ओळीत असते. पण ते नाव कोणाच्या मालकीचे आहे, हे विचारणारा रकाना मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. बँकेला त्याची गरज वाटत नाही आणि आपल्यालाही वाटत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पेढी आहे त्यांचे एक वेळ भागेल. त्यांचे आडनाव बाजारात चालते. आपल्यापैकी बहुतेकांची दुकानदारीतली ही पहिलीच पिढी आहे. जागा भाड्याची, यंत्र कर्जाचे, माल उधारीचा. आपले स्वतःचे म्हणावे असे हातातले कसब आणि त्या कसबाला मिळालेले नाव, एवढेच. आणि नेमके तेच आपण उघड्यावर ठेवतो.

ही भीती मी उगाच घालत नाही. एक उदाहरण सांगतो. नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे नाव किती जणांनी ऐकले आहे? दोन-तीन हात वर दिसतात. हे नांदेड म्हणजे आमचे गोदाकाठचे नांदेड नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे, तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. दलित शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. असे अनेक हंगाम केले. त्यातून बारीक दाण्याचा, भरघोस उतरणारा, खायला चवदार असा तांदूळ तयार झाला. नव्वदच्या सुमारास तो बाजारात गेला. व्यापाऱ्याने विचारले, याचे नाव काय? नाव नव्हते. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची चलती होती. व्यापाऱ्याने तांदळालाही एचएमटी म्हटले. आज आपण किराणा दुकानात जो एचएमटी तांदूळ मागतो, तो हा.

पुढची गोष्ट अधिक कडू आहे. कृषी विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोगासाठी त्यांच्याकडून थोडे बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. त्यात दादाजींचे नाव नव्हते. आम्ही ते बियाणे शुद्ध केले, सुधारले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी मुळातली निवड कोणाची, हा प्रश्न उरतोच. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली फोर्ब्स मासिकाने त्यांना ग्रामीण भागातील प्रभावी उद्योजकांच्या यादीत घेतले. मानसन्मान मिळाले, पैसा मात्र इतरांच्या गल्ल्यात गेला. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती.

यात कायद्याचाही दोष होता. शेतकऱ्याने शोधलेल्या वाणाची नोंद करता येईल असा कायदाच त्या वेळी आपल्याकडे नव्हता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. आता शेतकऱ्याला आपल्या वाणाच्या नोंदणीसाठी फी भरावी लागत नाही. दादाजींनी पुढे आणखी वाण काढले. त्यांची नावे आहेत नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड. एका वाणाचे नाव आहे डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. ज्या माणसाच्या पहिल्या वाणाला व्यापाऱ्याने घड्याळाचे नाव दिले, त्याने पुढे आपल्या गावाचे आणि स्वतःचे नाव वाणाला लावले. मला यात त्यांची जाणीव दिसते.

आता घरचे सांगतो. सांगताना लाज वाटते, पण बँकेत कारकून असूनही हे माझ्याच घरात घडले.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, उदगीरकडच्या एका गावात दिलेली आहे. तिच्या हातच्या येसराला आणि काळ्या तिखटाला पंचक्रोशीत मागणी. २०१२ साली बचत गटातल्या आठ जणींनी मिळून धंदा सुरू केला. नाव ठेवले, चिठ्ठी चिकटवली. ते नाव मी आज इथे घेत नाही, कारण ते आता आमचे नाही. २०१६ साली गटाला कर्ज मिळाले, कांडप यंत्र आले. २०१७ साली मोठ्या शहरातला एक पुरवठादार आला. म्हणाला, महिन्याला दोन क्विंटल माल द्या, पाकिटे मी छापून देतो. छान रंगीत पाकिटे आली. अक्काने मला मोठ्या अभिमानाने एक पाठवले. त्यावर नावाशेजारी बारीक अक्षरात टीएम छापलेले होते. मी ते पाहिले आणि ‘दिसायला झकास आहे’ असे फोनवर सांगितले. टीएम म्हणजे त्या नावावर कोणीतरी हक्क सांगतो आहे, आणि तो कोण, हे विचारायचे मला सुचले नाही.

त्याने नाव स्वतःच्या नावे नोंदवले होते. नोंदणीचा अर्ज आला की तो सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. पण उदगीर तालुक्यातल्या कोणत्या अंगणात ते जर्नल येते? दोन वर्षांनी भावावरून बिनसले, अक्काच्या गटाने दुसऱ्या दुकानदाराला माल दिला, आणि २०१९ साली वकिलाची नोटीस आली. आमचे नाव वापरणे बंद करा. स्वतःच ठेवलेल्या नावासाठी अक्काला नोटीस!

आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, कायद्यात तुमची बाजू आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे जो आधीपासून नाव वापरतो त्याला नंतर नोंद करणारा अडवू शकत नाही. मात्र आधीपासून वापरत होतो हे दाखवावे लागेल. बिले आणा. बिले कुठली? सगळा व्यवहार वहीत, ‘वैनी २ किलो, बाकी ४०’ असा. वहीत मालाचे नावसुद्धा नव्हते. शेवटी २०१६ च्या कर्जाच्या फाईलची प्रत काढली. त्यात पाकिटाचा एक फोटो सापडला. एका प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती सापडली, तिच्यावर नाव होते. दोन कागद. वकील म्हणाले, एवढ्यावर उभे राहता येईल, पण त्याची नोंद रद्द करून घ्यायची तर मुंबईला अर्ज, तारखा, खर्च. आठ बायांनी रात्री बसून हिशेब केला. अक्का म्हणाली, “जाऊ दे बाबा. नाव नेलं त्यानं, हात तर नाही नेले.” आणि त्यांनी नाव सोडले. तिचे ते बोलणे लोकांना फार आवडते. मला आवडत नाही. सात वर्षे कमावलेले गिऱ्हाईक नावाबरोबर गेले, हे मी खात्याच्या उताऱ्यात पाहिले आहे.

२०२० साली नवे नाव नोंदवले. व्यक्ती, नवउद्योग किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यम नोंदणीचा कागद जोडायचा. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात येतो, पादत्राणे २५ व्या वर्गात. नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. अर्ज केला की टीएम लावता येते. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा, आधी लावला तर ते कायद्याचे उल्लंघन आहे. एका प्रिंटरने हौसेने छापून दिलेला असा आर मी नांदेडच्या बाजारात स्वतः पाहिला आहे.

गटात एक नवीनच अडचण उभी राहिली. अर्ज कोणाच्या नावे? गट कायद्याने नोंदलेला नव्हता, म्हणून तो अक्काच्या नावे केला. लगेच कुजबूज सुरू झाली, “आता नाव तिचंच झालं की.” बायांचे चुकले असे मी म्हणणार नाही. एकदा पोळल्या होत्या. शेवटी स्टॅम्पपेपरवर करार लिहिला. नाव कोण वापरील, गट मोडला तर नावाचे काय, कोणी बाहेर पडली तर तिला काय. भागीदारीत धंदा करणाऱ्या तरुणांनी हे पहिल्याच दिवशी लिहावे. मैत्री चांगली असते तेव्हाच लिहून होते.

शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटी क्रमांक, अन्न परवाना, यांतल्या कशानेही नावाची मालकी मिळत नाही. ‘आमच्याकडे लायसन आहे’ असे म्हणणारे निम्म्याहून अधिक लोक इथेच फसतात.

नाव कसले ठेवावे? ‘शुद्ध’, ‘चविष्ट’, ‘लातूर मसाले’ अशी मालाचा गुण किंवा गाव सांगणारी नावे सहसा नोंदवून मिळत नाहीत. आपल्या वस्तीत आणखी एक पद्धत आहे. पंचशील किराणा, सिद्धार्थ टेलर्स, तथागत मोबाईल. भावना मी समजतो, माझ्या चुलत्याचीही पंचशील पिठाची गिरणी होती. पण प्रत्येक गावात पंचशील असेल तर गिऱ्हाइकाने ओळखायचे कोणाला? आणि भगवान बुद्धांचे किंवा शीख गुरूंचे नाव वा चित्र मार्का म्हणून नोंदवायचे नाही, असे नोंदणी कार्यालयाला निर्देशच आहेत. श्रद्धेचे नाव घरावर लावा, पाकिटावर आपले वेगळे नाव लावा. नाव ठरवण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

इथे लातूरला डाळीच्या बाजारात ‘मार्का’ हा शब्द पोत्याइतकाच जुना. पण २०१७ साली एक विचित्र गोष्ट घडली. जीएसटी आला आणि नोंदणीकृत मार्क्याच्या पाकीटबंद डाळ-तांदळावर ५ टक्के कर लागला, बिनमार्क्याच्या मालावर नाही. कर वाचवण्यासाठी देशात ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांनी आपले नोंदलेले मार्के रद्द करून घेतले. जुलै २०२२ मध्ये नियम बदलला, मार्का असो-नसो, छापील पाकिटातला माल कराखाली आला. मार्का सोडलेल्यांच्या हाती काय राहिले? करापायी नाव सोडणारा माणूस मला भाडे वाचवायला घर विकणाऱ्यासारखा वाटतो.

बाकीचे हक्क थोडक्यात सांगतो. लेबलवरचे चित्र, मजकूर, गाणे यांचा कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो. पण चित्र दुसऱ्याकडून काढून घेतले असेल तर हक्क लिहून घ्या. वस्तूच्या नव्या आकाराची वा नक्षीची डिझाईन म्हणून नोंद होते, दहा वर्षे, आणखी पाच वाढवून. अट एकच, अर्जाआधी ती कुठे दाखवलेली नसावी. प्रदर्शनात मांडून मग अर्जाला गेलात तर उशीर झालेला असतो. पेटंट वीस वर्षांचे, ते खऱ्याखुऱ्या नव्या शोधाला. आपल्यापैकी क्वचित कोणाला लागेल. मसाल्याचे प्रमाण हे गुपित असते. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. कामगाराशी करार करा आणि सगळे प्रमाण एकाच माणसाला कळू देऊ नका.

भौगोलिक मानांकनावर मात्र थांबावे लागेल, कारण ते आपल्या दारात आले आहे. कोल्हापुरी चपलेचे पाहा. २०१९ साली तिला मानांकन मिळाले. ते महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे तसेच महामंडळ या दोघांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरातल्या आपल्या कार्यक्रमात तशाच चपला मांडल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मानांकनाची नोंद याचिका करणाऱ्यांच्या नावे नव्हती. दुसरी गोष्ट, मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले. बोलणी कोणाशी करायची हे नोंदीच्या कागदाने ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावणाऱ्या हातांपर्यंत त्यातले किती पोहोचते, ते पाहायचे आहे.

२०२४ साली लातूर जिल्ह्याला एकदम तीन मानांकने मिळाली. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर. वर्तमानपत्रांत फोटो आले, सत्कार झाले. पण माझा प्रश्न वेगळा आहे. चिंचेची झाडे कोणाची आणि चिंच फोडते कोण? उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांमधून फिरा. ओसरीवर बाया बसलेल्या असतात, हातात लोखंडी ठोकणी, पुढे चिंचेचा ढीग, पायाशी टरफले आणि चिंचोके, बोटे चिकटून काळी पडलेली. किलोमागे मजुरी. या मानांकनाशी आपला काही संबंध आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

मानांकनाच्या कायद्यात ‘उत्पादक’ शब्दाची व्याख्या आहे, ती मी तीनदा वाचली. शेतमालाच्या बाबतीत पिकवणारा तर उत्पादक आहेच, पण त्या मालावर प्रक्रिया करणारा किंवा तो पाकीटबंद करणाराही त्यात धरला आहे. म्हणजे मजुरीवर फोडून न देता जो गट त्या भागातली चिंच स्वतः विकत घेईल, फोडील, बी काढील, पाकीट बांधील, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. झाड नावावर असावे लागत नाही. सातबारा नसलेल्या माणसाला ज्यात शिरकाव आहे असा शेतमालाचा कायदा मला तरी दुसरा आठवत नाही. आणि फी? पूर्वी ५०० रुपये होती. २०२० साली नियम बदलून १० रुपये केली. दहा रुपये! इथल्या कँटीनमध्ये एक चहा येतो. अर्ज मात्र काळजीने भरावा लागतो, माल त्याच भागातला आहे हे दाखवावे लागते. खरेदीची पावती ठेवल्याशिवाय ते दाखवणार कसे? पुन्हा कागदच.

नांदेडकरांसाठी शेवटचे एक. हळद आमच्या बाजाराचा कणा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक छापील लेख, अशा कागदांच्या जोरावर. ‘आमची आजी लावायची’ एवढे सांगून भागले नसते.

माझी वेळ संपत आली, अध्यक्ष दोनदा घड्याळाकडे पाहून झाले आहेत. भाषणानंतर मी बाहेर तिसऱ्या टेबलावर बसतो. नोंदणीच्या अर्जाचे, म्हणजे टीएम-एचे, वीस नमुने आणले आहेत. ज्यांचा धंदा चालू आहे त्यांनी आपले सर्वांत जुने बिल, पावती किंवा पत्रक शोधून पुढच्या रविवारी घेऊन यावे, तारीख दिसेल अशी झेरॉक्स काढू. त्याच टेबलावर अक्काही आहे. तिची नवी पाकिटे विकायला ठेवली आहेत आणि शेजारी बिलबुक आहे. एक पाकीट घेतले तरी ती बिल फाडते, नाव घालून, तारीख घालून. नको म्हणालात तरी फाडते.

जयभीम.